यंत्राचें बियाणें

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या जन्माचा इतिहास लिहितात. अमुक यंत्र कोणी शोधून काढलें, त्याला द्रव्य कोणी पुरविलें, त्यानें किती माणसांचें काम केलें आणि किती माणसांचें काम काढून घेतलें, हें सांगून ग्रंथ संपतो. बिघडलेलें यंत्र पुन्हां उभें कसें राहिलें याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. कारण दुरुस्ती हा कारागिराचा विषय, इतिहासकाराचा नव्हे, अशी एक समजूत आहे. परंतु वस्तूचा स्वभाव ती नवी असतांना जितका कळतो, त्याहून अधिक ती मोडल्यावर कळतो. आज मध्यमवर्गीयांच्या घरांत संगणक ही नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. या संगणकांतील इतर सर्व कामें ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारावर चालतात तिला कार्यप्रणाली अथवा व्यवहारांत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती केव्हां तरी बिघडते आणि यंत्र जागच्या जागीं खिळून राहतें. अशा वेळीं दोन-चार कळा दाबल्या कीं यंत्राच्या पोटांतलेंच एक राखीव दालन उघडतें व तेथील साहित्यानें सारी प्रणाली नव्यानें घालतां येते. बाहेरून तबकडी आणावी लागत नाहीं, कीं कारागिराला बोलवावें लागत नाहीं. थोड्या वेळानें यंत्र दुकानांतून आणलेल्या दिवशीं होतें तसें होऊन बसतें.

मोडलेल्या वस्तूनें स्वतःच स्वतःला पुन्हां घडवावें, यांत कोणाला चमत्कार वाटेल. परंतु हें दोनशें वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका विचाराचें फळ आहे, आणि त्या विचाराचा पहिला धडा सोलापूरच्या मागावर गिरवलेला आहे. तो धडा कोणता, तो मागावरून संगणकांत कसा गेला, आणि त्यानें आपलें काय राखलें व काय राखलें नाहीं, एवढें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सोलापूर हें तीन भाषांच्या संधीवर वसलेलें शहर. मराठी, कानडी आणि तेलुगु या तिन्ही येथें नांदतात. आणि तेलुगु बोलणारा पद्मशाली समाज हा येथील विणकामाचा कणा होय. हातमागाची परंपरा येथें जुनी आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. नंतर दुसऱ्या गिरण्या निघाल्यावर हिलाच लोक 'जुनी मिल' म्हणूं लागले. त्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले आहेत. परंतु यंत्रमागांचा खडखडाट थांबलेला नाहीं, आणि सोलापुरी चादर हें नांव अद्याप दूरवर ओळखीचें आहे. या चादरीवर जीं फुलें, वेली आणि मोर दिसतात ते छापलेले नसतात. ते विणलेले असतात. म्हणजे धाग्या-धाग्याच्या वर-खालीं होण्यांतून ते उमटतात. हें काम ज्या साधनानें होतें त्याला त्याच्या कर्त्याच्या नांवानें जॅकार्ड म्हणतात.

साधें कापड विणणें सोपें आहे. ताण्याचे एकाआड एक धागे उचलावे, मधून बाण्याचा धोटा फेंकावा, मग उरलेले उचलावे, पुन्हां धोटा फेंकावा. नक्षी काढावयाची असली म्हणजे मात्र प्रत्येक फेंकीला कोणते धागे उचलावयाचे हें निराळें ठरतें. पूर्वीं हें काम मागाजवळ बसलेला एक मदतनीस दोऱ्या ओढून करीत असे. त्याच्या हाताला चूक झाली कीं फुलाची पाकळी वांकडी जाई. फ्रान्समधील लियॉं शहर रेशमी विणकामासाठीं प्रसिद्ध होतें. तेथें १७२५ सालीं बुशों यानें छिद्रांच्या कागदी पट्टीची आणि १७२८ सालीं फाल्कों यानें दोऱ्यांनीं एकत्र ओंवलेल्या पुठ्ठ्यांची योजना पुढें आणली. वोकांसों यानें १७४५ च्या सुमारास तींत आणखी सुधारणा केली. या सर्वांच्या प्रयत्नांचा समन्वय करून जोझेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ सालीं आपलें साधन सिद्ध केलें. एका फेंकीला एक पुठ्ठा. पुठ्ठ्याला जेथें छिद्र असेल तेथें सुई आंत शिरते व तो धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते व तो धागा खालींच राहतो. सगळे पुठ्ठे एका माळेंत ओंवलेले असतात. माळ संपली म्हणजे नक्षी पूर्ण होते आणि पहिला पुठ्ठा पुन्हां समोर येतो.

या साधनाची कीर्ति श्रम वांचविणारें म्हणून झाली, आणि तेवढ्याचसाठीं लियॉंच्या विणकरांनीं त्याला विरोधहि केला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व निराळें आहे. जॅकार्डनें माग आणि मागाची विद्या यांची फारकत केली. पूर्वीं नक्षी विणकराच्या हातांत व त्याच्या मदतनिसाच्या लक्षांत असे. आतां ती पुठ्ठ्यांत आली. मागाला स्वतःला कांहींच आठवत नाहीं. एक माळ काढून दुसरी चढविली कीं मोर विणणारा तोच माग कमळ विणूं लागतो. आणि एखादा पुठ्ठा फाटला, दमटपणानें फुगला, कीं नक्षी बिघडते. पण माग बिघडत नाहीं. मग काय करतात? नक्षीचा मूळ आराखडा बारीक चौकटींच्या कागदावर काढून ठेवलेला असतो. त्यावरून तेवढा पुठ्ठा नव्यानें पाडून माळेंत बसवितात. म्हणजे येथें तीन वस्तु झाल्या: जपून ठेवलेला आराखडा, रोज झिजणारी पुठ्ठ्यांची माळ, आणि बाजारांत जाणारें कापड. आराखडा शाबूत आहे तोंवर माळ पुन्हां होते. कापड मात्र गेलें तें गेलें; फार तर तसलेंच दुसरें विणतां येतें.

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याला हा विचार परका वाटणार नाहीं. हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्धच आहे. चांगलीं भरलेलीं कणसें निवडून त्यांचें बीं निराळें राखून ठेवावयाचें, आणि घरांत कितीहि ओढ लागली तरी तें जात्यांत घालावयाचें नाहीं, हा कोरडवाहू शेतीचा पहिला नियम. खाण्याची ज्वारी आणि पेरण्याची ज्वारी दिसावयास सारखीच. फरक दाण्यांत नाहीं, ती बाजूला ठेवण्यांत आहे. यंत्राच्या पुनर्जन्माचा सारा इतिहास म्हणजे हें बियाणें कोठें ठेवावें आणि कोणाच्या हातून राखलें जाईल, या प्रश्नाचा इतिहास होय.

मागावरून हा विचार गणितांत गेला. चार्ल्स बॅबेज हा इंग्रज गणिती १८३४ पासून एका सर्वसाधारण गणनयंत्राची कल्पना करीत होता. त्या यंत्राला आज्ञा द्यावयास त्यानें जॅकार्डचे पुठ्ठेच पसंत केले. १८३९ सालीं लियॉं येथें जॅकार्डचें एक चित्र रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें २४,००० पुठ्ठे लागले होते, आणि तें इतकें सूक्ष्म होतें कीं पाहणारा त्याला कोरीव ठशाचें चित्र समजे. त्या चित्राची एक प्रत बॅबेजनें मोठ्या हौसेनें मिळविली होती. त्याचें यंत्र पूर्ण झालें नाहीं. परंतु पुठ्ठ्यांत नक्षीच्या ऐवजीं आंकडे आणि आज्ञा सांठवितां येतात हा विचार टिकला. १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीची मोजदाद हर्मन हॉलेरिथ यानें छिद्रांच्या पत्र्यांसारख्या कडक कार्डांनींच केली, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ कचेऱ्यांतील यंत्रांचें तेंच खाद्य झालें.

या सर्व यंत्रांत आज्ञा बाहेर होत्या, आणि बाहेर होत्या म्हणूनच त्या सुरक्षित होत्या. यंत्र बंद पडलें तरी कार्डांचा गठ्ठा कपाटांत शाबूत असे. खरा पेंच पडला तो आज्ञा यंत्राच्या आंत आल्यावर. २१ जून १९४८ रोजीं मॅंचेस्टर येथें एका लहान यंत्रानें स्वतःच्या स्मृतींत सांठविलेल्या आज्ञा वाचून पहिलें गणित केलें. आज्ञा आंत आल्यामुळें यंत्राचा वेग वाढला. परंतु त्या काळची स्मृति वीज बंद होतांच पुसली जाई. म्हणजे दररोज सकाळीं यंत्र नवजात अर्भकाप्रमाणें कोरें. त्याला आज्ञा वाचावयास शिकविलें पाहिजे. पण शिकवणूक ही देखील आज्ञांच्याच रूपानें द्यावयाची, आणि आज्ञा वाचण्याची विद्या तर त्याला नाहीं! कुलूप घातलेल्या पेटींतच किल्ली राहिल्यासारखी ही अवस्था. मॅंचेस्टरच्या यंत्रांत माणूस बसून एक-एक आज्ञा खटक्यांनीं हातानें भरीत असे.

यांतून जी वाट निघाली ती केंब्रिज येथें. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेलें एडसॅक हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं चालूं लागलें. त्यासाठीं डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच रचला. हा संच कागदावर अथवा पाऱ्याच्या स्मृतींत नव्हता. टेलिफोनच्या केंद्रांत वापरीत त्या प्रकारच्या फिरत्या खटक्यांवर तो तारांनीं कायमचा बांधून टाकला होता. कळ दाबली कीं त्या ३१ आज्ञा स्मृतींत उतरत, आणि त्यांचें काम एकच: पुढें ठेवलेल्या छिद्रांच्या कागदी फितीवरून बाकीच्या आज्ञा वाचून आंत घेणें. एवढें झालें म्हणजे यंत्र जागें झालें. बांधलेल्या तारा पुसल्या जात नव्हत्या, चालत्या आज्ञावलीच्या हातून चुकूनहि बदलत नव्हत्या. कणगींतल्या धान्यापासून बियाणें निराळें काढून तें यंत्राच्या अंगांतच शिवून टाकण्याचा हा ठळक प्रयोग होय. आपल्याच बुटांच्या नाड्या ओढून स्वतःला वर उचलणाऱ्या माणसाची एक थट्टेची कल्पना इंग्रजींत आहे. तीवरून यंत्र सुरू करण्याच्या या क्रियेला 'बूट' करणें हें नांव पडलें. आज घरांतील लहान मूलहि तो शब्द वापरतें. त्यामागें हें कोडें आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आपल्या देशांत या विद्येला प्रारंभ लवकरच झाला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत १९५५ सालीं इंग्लंडहून आणलेला संगणक बसला. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर्. नरसिंहन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतच घडविलेलें मोठें यंत्र १९६० सालीं कामाला लागलें. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. तेथेंहि आज्ञा कागदी फितीच्या छिद्रांतूनच आंत जात. सोलापूरच्या मागावरील पुठ्ठा आणि कुलाब्याच्या प्रयोगशाळेंतील फीत हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें होत.

तथापि तोंवर संगणक संस्थांचा होता, घरचा नव्हता. त्याची शुश्रूषा करावयास तज्ज्ञ हजर असत. १९७५ सालीं अमेरिकेंत आल्टेर नांवाचें लहान यंत्र हौशी लोकांच्या घरीं गेलें. परंतु तें सुरू करण्यासाठीं धन्याला समोरच्या खटक्यांची उघडझाप करून प्रारंभीच्या आज्ञा हातानें भराव्या लागत. म्हणजे पुन्हां मॅंचेस्टरचीच तऱ्हा. हौशी माणसाला ही कसरत गोड वाटे. घरगुती माणसाला ती मानवण्यासारखी नव्हती. म्हणून ज्यांतील लेख पुसला जात नाहीं अशा लहानशा चकतींत प्रारंभीच्या आज्ञा कारखान्यांतच कोरून देण्याची चाल पडली. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें जो वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, त्यांतहि अशी चकती होती. व्हीलरच्या ३१ आज्ञांचीच ती वंशज.

मात्र एवढें बियाणें पुरेसें नव्हतें. चकतीच्या आज्ञा यंत्राला जागें करीत, पण जागें झाल्यावर काम करावयाचें तें कार्यप्रणालीच्या जोरावर. आणि प्रणाली वर्षानुवर्षें फुगत चालली. ती बाहेरून घालावी लागे. १९९५ सालची विंडोज ९५ ही प्रणाली तबकड्यांवर घेतली तर तेरा तबकड्या एकामागून एक घालाव्या लागत. त्यांतील एक खराब निघाली कीं सारें अडे. पुढें एका चकचकीत सीडीवर सगळें मावूं लागलें. परंतु घरांतली वस्तु घरांतच हरवते. ज्या दिवशीं यंत्र बिघडतें त्या दिवशीं ती सीडी सांपडत नाहीं, आणि सांपडली तर तिच्यावर ओरखडे असतात. म्हणून यंत्र विकणाऱ्या कारखानदारांनीं त्याच्या मुख्य सांठवणुकीचाच एक भाग भिंत घालून निराळा काढला आणि त्यांत सबंध प्रणालीची प्रत ठेवून दिली. नेहमींच्या वापरांत हा भाग दिसत नाहीं. त्यांत कोणी आपलीं पत्रें अथवा छायाचित्रें ठेवूं शकत नाहीं. न दिसणें हेंच त्याचें संरक्षण.

यानंतर ही सोय प्रणालीकारांनीं स्वतःकडे घेतली. मायक्रोसॉफ्टच्या २००७ सालच्या विंडोज व्हिस्टाबरोबर दुरुस्तीचें एक स्वतंत्र छोटें वातावरण आलें, आणि २००९ च्या विंडोज ७ पासून तें यंत्रांतच आपोआप घातलें जाऊं लागलें. ॲपल कंपनीनें २०११ सालीं आपली 'लायन' ही प्रणाली मुख्यतः महाजालावरून विकावयास काढली. तबकडीच हातांत नाहीं, तर बिघडल्यावर काय घालावयाचें? म्हणून त्याच वेळीं यंत्रांत राखीव दालन ठेवण्याची व तेंहि गेल्यास महाजालावरून प्रणाली उतरवून घेण्याची योजना तिला करावी लागली. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें 'ताजें करा' आणि 'मूळपदावर न्या' असे दोन मार्ग सामान्य माणसाच्या हातीं आले. २०१५ च्या विंडोज १० नें संपूर्ण प्रतीचा निराळा सांठाहि अनावश्यक केला. यंत्रांत जे मूळ घटक असतात ते वेंचून प्रणाली पुन्हां रचावी अशी रीत काढली. आणि २०२० सालीं, घरांतील घटक खराब झाले असल्यास ते कंपनीच्या भांडारांतून आणविण्याची सोय तींत आली. आज अशा यंत्राला लागोपाठ दोन वेळां सुरू होतां आलें नाहीं, तर तें आपण होऊन दुरुस्तीचें दालन उघडतें आणि धन्याला विचारतें: तुमच्या फायली ठेवूं, कीं सगळेंच पुसूं?

येथवरचा इतिहास एकाच दिशेनें जातो. बियाणें प्रथम माणसाच्या हातांत होतें, मग तारांत, मग चकतींत, मग राखीव दालनांत, आणि आतां अंशतः दूरच्या भांडारांत. प्रत्येक पावलाबरोबर माणसाचे श्रम कमी झाले; पण प्रत्येक पावलाबरोबर बियाण्यावरचा त्याचा ताबाहि कमी झाला, हें नमूद केलें पाहिजे. विणकर आराखडा पाहूं शकतो, फाटलेला पुठ्ठा पाडूं शकतो. संगणकाच्या धन्याला राखीव दालनांत काय आहे हें ठाऊक नसतें, तें त्यानें ठेवलेलें नसतें, आणि तें बदलणें त्याच्या हातीं नसतें. तेव्हां हें बियाणेंच किडलें तर काय, हा प्रश्न उरतोच. आणि इतिहासानें तो एकाहून अधिक वेळां विचारला आहे.

पहिल्या चकत्या बदलतां येत नसत; म्हणून त्यांतील चूकहि सुधारतां येत नसे. १९९० नंतर ही अडचण दूर करण्यासाठीं पुन्हां लिहितां येण्याजोग्या चकत्या सर्रास वापरांत आल्या. ज्या दारानें सुधारणा आंत येते त्याच दारानें विध्वंसहि येतो. २६ एप्रिल १९९९ या दिवशीं 'चेर्नोबिल' या नांवानें ओळखला गेलेला एक संगणक-विषाणु जगभर जागा झाला. तैवानमधील एका विद्यार्थ्यानें तो रचला होता. त्यानें सांठवणुकीचा आरंभीचा भाग तर पुसलाच. शिवाय कित्येक यंत्रांत प्रारंभीच्या आज्ञांच्या चकतीवर अर्थहीन अक्षरें लिहून टाकलीं. अशीं यंत्रें मग कळ दाबूनहि जागीं होईनात. प्रणालीची तबकडी कपाटांत शाबूत असून उपयोग नव्हता, कारण ती वाचण्याची विद्याच यंत्र विसरलें होतें. केंब्रिजच्या आधींचें कोडें पन्नास वर्षांनीं पुन्हां समोर उभें राहिलें.

दुसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. संरक्षणासाठींच बसविलेल्या, क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका आज्ञावलीच्या सदोष सुधारणेनें विंडोज प्रणालीचे सुमारें ८५ लक्ष संगणक एका दिवसांत बंद पडले. विमानें थांबलीं, रुग्णालयांचीं कामें अडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें देण्याची वेळ आली. उपाय सोपा होता: यंत्र सुरक्षित अवस्थेंत अथवा दुरुस्तीच्या दालनांतून उघडावें आणि ती एक सदोष फाईल काढून टाकावी. पण तो प्रायः प्रत्येक यंत्रापाशीं जाऊन हातानें करावा लागला. आणि ज्यांची सांठवण कुलूपबंद केलेली होती त्यांना आधीं ४८ अंकी किल्ली शोधून भरावी लागली. कांहीं ठिकाणीं तर किल्ल्यांची यादीच बंद पडलेल्या संगणकांत होती. या अनुभवानंतर, दुरुस्तीच्या दालनानें स्वतः महाजालावरून उपाय मागवावा अशी सोय २०२५ सालीं विंडोजमध्यें आली. आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत एका नियमित सुधारणेमुळें या दालनांत कळफलक व माऊसच चालेनासे झाले; तें दालन उघडे, पण त्यांत कांहीं करतां येत नसे. थोड्याच दिवसांत दोष दूर झाला. तरी बियाण्याचीहि राखण करावी लागते, तें ठेवून दिलें कीं संपलें असें नाहीं, एवढें यावरून दिसलें.

हे झाले यंत्राचे धोके. पण मोठा प्रश्न यंत्राचा नाहींच. राखीव दालन जें परत देतें तें कारखानदाराचें असतें, आपलें नसतें. तें माग परत देतें, पुठ्ठ्यांची माळ परत देतें. विणलेलें कापड परत देत नाहीं. 'तुमच्या फायली ठेवूं कीं पुसूं' या प्रश्नाला घाईनें दिलेलें उत्तर एखाद्या घरच्या वीस वर्षांच्या स्मृति पुसून टाकतें. आणि सांठवणच नादुरुस्त झाली असेल तर तो प्रश्न विचारण्याचीहि सवड यंत्र देत नाहीं.

मराठी घरांत या हानीचा एक खास प्रकार आहे, आणि तो थोड्यांच्याच ध्यानांत येतो. युनिकोड या जागतिक लिपिसंकेताच्या १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्थान मिळालें होतें. विंडोज २००० बरोबर त्या संकेताचा 'मंगल' हा टंकहि आला. परंतु त्याच्या आधीं व त्याच्या नंतरहि पुष्कळ वर्षें मराठी लेखन निरनिराळ्या खासगी टंकांत झालें. त्यांत 'क' हें अक्षर खरोखर 'क' म्हणून सांठविलेलें नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर 'क' ची आकृति बसविलेली असे. तो टंक यंत्रांत असेल तोंवर मजकूर मराठी. प्रणाली नव्यानें घातली कीं कारखान्याचें सारें परत येतें, पण तो टंक परत येत नाहीं. कारण तो नंतर कोणी तरी आणून घातलेला होता. मग आजोबांनीं टंकलिखित करून ठेवलेलें आत्मवृत्त, एखाद्या मंडळाचें इतिवृत्त, अप्रकाशित प्रबंध, असें जें कांहीं असेल तें फाईल शाबूत असूनहि रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन समोर येतें. चादर घडीसुद्धां न मोडतां पेटींत आहे, पण तिच्यावरचा मोर दिसेनासा झाला, असा हा प्रकार. अशा लेखांचें युनिकोडमध्यें रूपांतर करण्याचीं साधनें उपलब्ध आहेत. मात्र टंक कोणता होता हें सांगणारा माणूस घरांत असे तोंवरच तें काम सुकर असतें.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला हें दुःख अपरिचित नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरून घेतां घेतां तीन शतकांत पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. त्यांच्या हाताशीं एकच प्रत असती, तर तिच्यांतली चूक ही चूक आहे हें तरी त्यांना कशावरून कळतें? अनेक प्रती अनेक घरांत होत्या म्हणूनच शुद्धीकरण शक्य झालें. एकच प्रत, मग ती कितीहि सुरक्षित दालनांत असो, ती केवळ टिकते किंवा नष्ट होते. अनेक प्रती एकमेकींच्या साक्षीदार होतात. हल्लींचे जाणते लोक सांगतात कीं महत्त्वाच्या लेखाच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. नियम नवा आहे. त्यामागील शहाणपण पोथ्या नकलणाऱ्यांचें आहे.

तेव्हां राखीव दालनाची जी सोय आज आपणांस लाभली आहे तिचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. ज्या कामासाठीं केंब्रिजसारख्या विद्यापीठाला बुद्धि खर्चावी लागली, तें काम सोलापुरांतली एखादी गृहिणी आज दोन कळा दाबून करते, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण त्या सोयीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बियाणें दोन प्रकारचें आहे. यंत्राचें बियाणें यंत्राच्या पोटांत असतें आणि त्याची चिंता कारखानदार वाहतो. तें त्याचें हिताचें काम आहे. आपल्या लेखनाचें, आपल्या हिशेबांचें, आपल्या माणसांच्या चेहऱ्यांचें बियाणें मात्र आपणच राखावयाचें, आणि तें त्याच यंत्रांत ठेवून भागत नाहीं. शहाणा शेतकरी बीं आणि धान्य एकाच कणगींत ठेवीत नाहीं. उंदीर दोहोंत फरक करीत नाहींत, हें त्याला ठाऊक असतें.